चुपारोसासाठी लावलेली बाग

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझा गंजच ते लांबून सांगतो. माझ्या पोटात माती आहे, मातीत लाल फुलांच्या मिर्तोचं झुडूप आहे, आणि येणारे-जाणारे त्या झुडपाचं कौतुक करतात तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझं तोंड वर्षानुवर्षं उघडं, पण त्यातून आजवर एक शब्द बाहेर पडलेला नाही. आज मात्र तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. चकचकीत पत्र्याला गोल वळवून डाख दिला, पोटावर एका हसऱ्या बाईचं चित्र छापलं आणि आत व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या ठासून भरल्या. काय रुबाब होता माझा! ट्रकमध्ये बसून मी डोंगर चढलो आणि या गावातल्या दुकानात अगदी वरच्या फळीवर जाऊन बसलो. मला फोडलं ते निकानोर आणि ओतिलियाच्या लग्नात. त्या दिवशी सगळा गाव नाक पुसत माझ्या मिरच्या खात होता आणि नवरदेव नवरीला म्हणत होता, "एवढं तिखट खाऊ नकोस, नाहीतर उद्यापासून माझ्याशी तिखटच बोलशील." नवरी लाजून हसली होती. ते हसू मी पाहिलं आहे, म्हणून पुढचं सगळं मला जास्त लागलं.

मिरच्या संपल्या आणि माझी किंमतही संपली. आधी माझ्यात कोंबड्यांचा मका ठेवला, मग कपड्यांचे चिमटे, मग वाकडे खिळे. शेवटी मी डुकरांच्या गोठ्यामागे जाऊन पडलो. चित्रातल्या बाईचा अर्धा चेहरा उडाला. पावसात माझ्यात पाणी साचायचं आणि बेडूक येऊन बसायचे. ज्यानं लग्नाची मेजवानी पाहिली आहे त्यानं बेडकांची वस्ती सांभाळायची, ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे.

तेवढ्यात निकानोर उत्तरेला गेला. आमच्या गावातले निम्मे पुरुष तिकडेच असतात, सीमेपलीकडे, सफरचंदाच्या बागांत. सुरुवातीला दर रविवारी त्याचा फोन यायचा. ओतिलिया वेणीला तेल लावून फोनपुढे बसायची, जसा काही तो तिला बघणारच होता. मग एक रविवार चुकला. मग दोन-तीन. मग फोन वाजला तरी तो चुकून लागलेला असायचा.

सासूबाई, तोमासा, घरात तोंडानं काही म्हणत नसे, पण टोर्टिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, थापताना पिठावर राग काढायची. खरा त्रास होता तो पिठाच्या गिरणीवर. तिथं बायका रांगेत उभ्या असत आणि कुणीतरी हमखास विचारायची, "काय गं ओतिलिया, रविवारी वाजला का?" विचारणारीच्या डोळ्यांत काळजी किती आणि मजा किती, हे तिचं तिलाच ठाऊक. ओतिलिया बादली उचलून मान खाली घालून घरी यायची. आपला नवरा आपल्याला विसरला, ही गोष्ट सगळ्या गिरणीला आपल्याआधी कळली, याची तिला भयंकर लाज वाटे.

एके दिवशी चोना आली. ही निकानोरची धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरलेली, आणि त्या नात्यानं तोमासाची कोमाद्रे, जवळची सखी. आठवड्याच्या बाजारात ती जडीबुटी विकते आणि जिभेनं कुणाला हार जात नाही. तोमासा आत गेलेली पाहून तिनं ओतिलियाला गोठ्यामागे ओढलं. मी तिथंच आडवा पडलो होतो.

"रडून काय होतंय पोरी? चुपारोसा हवा तुला."

चुपारोसा म्हणजे फुलं चोखणारा, तुम्ही ज्याला हमिंगबर्ड म्हणता तो. अंगठ्याएवढा पक्षी, हवेत एका जागी उभा राहतो आणि चोचीनं फुलातला रस पितो. आमच्याकडच्या बायका मेलेला चुपारोसा लाल दोऱ्यात गुंडाळून छातीशी बाळगतात. दूर गेलेला माणूस मग फुलाकडे यावा तसा परत येतो म्हणतात.

"तुमच्या दुकानात तर टांगलेलेच असतात की," ओतिलिया हळूच म्हणाली.

"ते? ते कुणाच्या हातानं मेले देव जाणे! ज्यानं मारले त्याचंच काम करायचे ते. तुला हवा तो तुझ्या हातानं लावलेल्या फुलाचा रस प्यालेला. आणि धरायचा पण तूच. जाळं नको, गोफण नको."

"पण आमच्या अंगणात तर एक फूल नाही."

"मग लाव की! हात काय टोर्टिया थापायलाच दिलेत देवानं?"

ओतिलिया तिथंच उभी राहिली. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला दोन्ही हातांनी उचललं आणि मी वेड्यासारखा सुखावलो. कशासाठी उचललं हे ऐकलं होतं तरीही.

तिनं मला पालथा घालून बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. दुखलं, पण पाणी साचलं तर मुळं कुजतात हे मला मागाहून कळलं. बाहेरून लाल रंग दिला, कारण चुपारोसाला लाल रंग लांबून दिसतो. चित्रातल्या बाईचा उरलेला अर्धा चेहराही झाकला गेला. शेजारपाजारचे डबे, फुटकी घमेली, तडकलेली मडकी, जे मिळेल ते तिनं गोळा केलं. अंगणात पेरूची एक फांदी ऊन अडवत होती. तिनं कुऱ्हाड काढली तशी तोमासा आतून ओरडली, "अगं, त्या सावलीत तुझा नवरा रांगलाय!"

"रांगून झालं ना त्याचं? आता ऊन येऊ दे," असं म्हणत ओतिलियानं फांदी तोडलीच. या घरात सुनेनं सासूला दिलेलं ते पहिलं उत्तर असावं.

मग अंगणात ऊन असं आलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलेना. मागच्या बाजूला तिनं उंच डेलिया लावले, पुढे झिनिया, कडेनं झेंडू, आणि कोपऱ्यात चिकाची ती जंगली रोपटी, रुईसारखी. मिर्तो मात्र माझ्यात लावला, आणि मला भिंतीच्या काठावर ठेवलं, तिच्या खांद्याच्या उंचीला. हात सहज पोचेल अशा उंचीला, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. पाणी ती मुळाशी घालायची, पानांवर नाही. उथळ बशीत खडे टाकून पाणी ठेवायची. इतक्या मायेनं कुणी बाग करताना मी पाहिलं नव्हतं, आणि ती माया पाखरांसाठी नव्हती हे चोना सोडली तर फक्त मला माहीत होतं.

फुलपाखरं आली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यांच्यासाठी काही लावलं नव्हतं, तरी ती आली. नारिंगी, पिवळी, काळ्या कडेची. रुईसारख्या रोपट्यांवर त्यांनी अंडी घातली, अळ्यांनी पानं कुरतडली, आणि ओतिलियानं कुरतडू दिली. गिरणीवरच्या बायका आता पिठाच्या बादल्या घेऊन आमच्या दारावरून जायला लागल्या. रविवारचं कुणी विचारेना, झिनियाचं बी मागायला लागल्या.

एकदा शाळेच्या बाई सगळा वर्ग घेऊन आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बघा मुलांनो, ओतिलियाबाईंनी पाखरांसाठी आपलं अंगण दिलं. असं मन पाहिजे." मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओतिलियाचा हात पटकन ॲप्रनच्या खिशावर गेला. त्या खिशात लाल दोऱ्याचं रीळ होतं. तिचे कान माझ्या रंगाइतके लाल झाले. ती म्हणाली, "माझं कसलं मन, बाई," आणि घरात निघून गेली. सगळ्यांना वाटलं, किती विनयशील बाई आहे. मी तर डबा, मला घरातही जाता येत नव्हतं. टाळ्या ऐकत तिथंच उभा राहिलो.

चुपारोसा आला तो नेमका मेलेल्यांच्या दिवशी. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी मेलेली माणसं पाहुणी येतात, कधी कधी पाखराच्या रूपानंही. त्यांच्यासाठी झेंडूची वाट घालतात, त्यांच्या आवडीचं खाणं मांडतात. तोमासाचा नवरा मकारिओ आदल्याच वर्षी गेला होता. तो गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. गावोगावच्या जत्रांना त्याला बोलावणं असे, त्यामुळे घरी कमी आणि वाटेवर जास्त. तोमासानं ओतिलियाच्याच झेंडूनं त्याची वाट घातली आणि दारात खुर्ची टाकून बसली.

तेवढ्यात हिरवट चमक घेऊन तो आला. माझ्या मिर्तोसमोर हवेत उभा राहिला. पंखांचा वारा माझ्या काठाला लागला. त्यानं लांब लाल फुलात चोच घातली आणि तोमासा ताडकन उठली.

"अगं बाई! ओतिलिया, बघ, बघ! फुलाला तोंड लावायची तऱ्हा बघ. ट्रम्पेटच धरलंय मेल्यानं!"

मेलेला म्हणून मेल्यानं, आणि प्रेमानंही मेल्यानं. म्हातारी हसत होती आणि डोळे पुसत होती.

दोन दिवसांनी सगळ्यांचे पाहुणे परत गेले. हा गेला नाही. तोमासा शेजारणींना सांगू लागली, "सगळ्यांचे गेले, आमचा राहिला. फुकटचं खायला मिळाल्यावर तो कधी उठलाय का?" रोज सकाळी ती कॉफीचा पेला घेऊन माझ्याजवळ येऊन बसे आणि त्याच्याशी भांडे. कुठल्या जत्रेत कोण नाचणारी होती, कुठल्या दिवाळखोर मित्राला त्यानं आपला कोट दिला, सगळं उकरून काढी. चुपारोसा या फुलावरून त्या फुलावर जाई. "बघ, उत्तर द्यायची वेळ आली की पळतो!" असं म्हणून ती खूश होऊन कॉफी पिई.

सुनेशी ती आता गोड बोलू लागली होती. एकदा तिनं ओतिलियाचे दोन्ही हात धरले. "तुझ्या या हातांनी म्हातारा घरी आणला. मी जन्मभर प्रयत्न केला, मला जमलं नाही." ओतिलिया खाली पाहत राहिली. हात सोडवून घ्यायचं तिला सुचलं नाही.

इकडे चोना बाजारातून जाता-येता भुवया उडवायची. "झालं का काम?"

"हातात येत नाही. डोळा मिटायच्या आत जातो."

आणि तो कसा हातात येतो, ते तिला तोमासानंच दाखवलं. डिसेंबर लागला होता. डोंगरावरच्या थंडीनं पहाटे बशीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता. उन्हं यायच्या आधी तोमासा बाहेर आली तर चुपारोसा माझ्या मिर्तोच्या फांदीवर बसलेला, मान आत ओढलेली, डोळे मिटलेले, दगडासारखा गार. तिनं किंकाळी फोडली. मग त्याला अलगद ओंजळीत घेतलं, तोंडाजवळ धरून फुंकर घालत राहिली, कोमट, हळू. थोड्या वेळानं तो थरथरला, फुगला आणि भुर्रकन उडून गेला.

"मेला नव्हता, झोपला होता!" तोमासा धापा टाकत हसली. "थंडीच्या दिवसांत उशिरापर्यंत लोळायचं, ही जन्माची खोड! मेल्यावर पण सुटली नाही." दारात ओतिलिया उभी होती. ती हसली नाही. तिची नजर फांदीवर होती.

मित्रांनो, त्या वेळी मला हात असते तर मी स्वतःला भिंतीवरून खाली ढकलून दिलं असतं.

त्या रविवारी फोन वाजला नाही. गिरणीवर कुणीतरी बोलून गेलं की उत्तरेला गेलेल्या एकानं तिकडेच दुसरं घर केलं आहे. कुणी, ते नाव घेतलं नाही. घेतलं नाही म्हणूनच ओतिलियाला ते आपलंच वाटलं. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. फटफटताच ती बाहेर आली. पायांत चपला नव्हत्या. चुपारोसा त्याच फांदीवर तसाच बसला होता. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. मग मूठ मिटली.

मी सांगतो, तिला कठीण गेलं. ती रडत होती आणि मुठीला म्हणत होती, "माफ कर, माफ कर, मला फक्त तो घरी हवाय." पण मूठ तिनं उघडली नाही. मिर्तोची फांदी जराशी वर आली, एवढंच हलकं ओझं होतं त्याचं. तिनं खिशातलं रीळ काढलं.

सकाळी तोमासा कॉफी घेऊन आली आणि बसून राहिली. कॉफी गार झाली. "आज कुठं जत्रा लागली म्हणायची?" ती म्हणाली. दुपारी दुसरा एक चुपारोसा आला, तपकिरी पाठीचा, छान देखणा. तोमासानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "हा तो नाही," म्हणाली आणि पुन्हा वाट पाहू लागली. ओतिलिया घरातून बाहेर पडली नाही.

आणि मग, मित्रांनो, निकानोर आला.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली. मनगटाला पट्टी बांधलेली होती, शिडीवरून पडला होता. फोन का केला नाही, तर पडलो हे घरी कोणत्या तोंडानं सांगायचं, याची त्याला लाज वाटत होती. अख्खं गाव अंगणात लोटलं. गिरणीवरच्या बायका सगळ्यांत पुढे. चोना कमरेवर हात ठेवून ओतिलियाकडे बघत डोळे मिचकावत होती, जणू पोराला तिनंच कानाला धरून आणलं होतं.

"कधी निघालास रे?" तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"धर्ममाते, रविवारी पहाटेच बसलो गाडीत. म्हटलं, येऊनच दाखवावं."

सोमवारच्या सकाळी तो वाटेवर होता. ओतिलियानं मूठ मिटली तेव्हा तो निम्म्या रस्त्यात खिडकीला डोकं टेकून झोपला असेल. ओतिलियाचा चेहरा पांढरा पडला. लोकांना वाटलं, आनंदानं.

कोंबडी कापली, मिरच्यांचं दाट कालवण, मोले, शिजलं, निकानोरनं बायकोच्या ताटात आधी वाढलं. एवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आई जेवायला नाही. ती बाहेर माझ्याजवळ खुर्ची टाकून बसली होती.

"आई, चल ना, निवतंय."

"तुम्ही जेवा. तुझे बाबा यायचेत. पोरगा आला म्हणून त्यांना सांगते आणि येते. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर रुसतील."

ओतिलिया ताटावरून उठली. अंगणभर माणसं होती, तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सासूपुढे येऊन ती जमिनीवर बसली, पोलक्यात हात घातला आणि लाल दोऱ्याचं ते बोटभर गाठोडं काढून तोमासाच्या मांडीवर ठेवलं. "मी मारला, सासूबाई. बाग त्याच्यासाठीच लावली होती. धरण्यासाठी."

चोना केव्हा निघून गेली ते कळलं नाही. निकानोर दारात उभा होता.

तोमासानं गाठोडं ओंजळीत घेतलं, त्या पहाटे चुपारोसाला घेतलं होतं तसंच.

"दुखलं का त्याला?"

"नाही," ओतिलिया म्हणाली. "झोपेत होता."

म्हातारीनं मान हलवली. मग नखानं दोऱ्याचं टोक शोधलं आणि एकेक वेढा सोडू लागली. ओतिलियानं वेढे फार ओढून घेतले होते, म्हाताऱ्या बोटांना ते सुटत नव्हते. "एवढं घट्ट कशाला बांधलंस गं," ती पुटपुटली. त्यात राग नव्हता. राग असता तर ओतिलियानं तो डोक्यावर घेतला असता. तिनं पदरात लपवावं तसं तोंड ॲप्रनमध्ये लपवलं आणि अशी रडली की आलेली माणसं एकेक करून पाय न वाजवता निघून गेली. चुपारोसाला पुरलं माझ्यातच, मिर्तोच्या मुळाशी. माती तिघांनी लोटली.

मित्रांनो, बाग जरूर लावा. उन्हात लावा, भोकं पाडलेल्या फुटक्या डब्यात लावली तरी चालेल. लाल फुलं लावा, चुपारोसा नसेल तुमच्याकडे तर जो येईल तो येईल. पण कुणी पाखरू फुलावर आलं तर त्याला येऊ द्या आणि जाऊ द्या. आणि माणसाची वाट पाहत असाल तर वाट पाहत आहे असं त्यालाच सांगा. त्याचा भार दुसऱ्या कुणाच्या जिवावर टाकू नका.

बाग अजून आहे. तोमासा आता कॉफी आत पिते. शाळेच्या बाई दरवर्षी नवा वर्ग घेऊन येतात, मुलं टाळ्या वाजवतात. ओतिलिया मला रोज पाणी घालते, मुळाशी, पानांवर नाही. घालताना ती माझ्याकडे बघत नाही, आणि खरं सांगू, मीही तिच्याकडे बघत नाही.